बदलीच्या गावचा स्वयंपाक : आठ सोपे पदार्थ

आपल्या बँकेचे जाळे देशभर पसरलेले आहे. त्यामुळे पदोन्नती आणि बदली ही जोडगोळी बँक अधिकाऱ्याच्या आयुष्यात एकत्रच येते. बढतीचा आदेश हाती पडतो, शाखेत पेढे वाटले जातात आणि पंधरवड्याच्या आत एखाद्या अनोळखी गावी रुजू व्हावे लागते. मुलांची शाळा, पत्नीची किंवा पतीची नोकरी, घरातील वडीलधाऱ्यांची औषधे अशा कारणांनी कुटुंब मूळ गावीच राहते. मग भाड्याच्या दोन खोल्या, एक पलंग, एक बादली आणि ‘आज जेवणाचे काय?’ हा रोजचा प्रश्न, एवढाच संसार उरतो.

हा प्रश्न केवळ बँक कर्मचाऱ्यांचाच आहे असे नाही. शिक्षणासाठी अथवा पहिल्या नोकरीसाठी बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली गाठणारी आपल्या ग्राहकांची मुले-मुली, तसेच जोडीदाराच्या पश्चात एकटे राहणारे निवृत्तिवेतनधारक यांच्याही पुढे तो उभा असतो. डब्याची सोय झाली तरी ती आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस कोलमडतेच. हॉटेलातील जेवण वाईटच असते असे मुळीच नाही. परंतु त्यातील मीठ आणि तेल आपल्या हाती नसते. प्रौढ व्यक्तीने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एका लहान चमच्याच्या आतच मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि बाहेरची एखादी रस्साभाजी एवढ्यावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तीन वर्षांचा बदलीचा काळ असा गेला, तर आम्लपित्त आणि वाढलेला रक्तदाब या दोन गोष्टी सामानाबरोबर परत येण्याची शक्यता असते.

यावर उपाय अवघड नाही. ज्यांनी आजवर चहाखेरीज काही केलेले नाही, त्यांनाही अर्ध्या-पाऊण तासात जमतील असे आठ पदार्थ येथे निवडले आहेत. एकाही पदार्थाला पोळपाट-लाटणे लागत नाही. प्रत्येक कृतीबरोबर तिच्यामागील कारणही दिले आहे. कारण समजले की कृती पाठ करावी लागत नाही आणि एखादी वस्तू घरात नसली तरी पर्याय सुचतो.

आधी थोडे भांडवल

तीन लिटरचा प्रेशर कुकर, एक जाड बुडाची कढई, लोखंडी अथवा बिडाचा तवा, एक पातेले, झाकण्या, फोडणीची पळी, उलथने, चाळणी, सुरी आणि एक वाटी एवढ्या वस्तू पुरेशा आहेत. विजेची इंडक्शन शेगडी वापरावयाची असल्यास भांडी चुंबक चिकटेल अशा सपाट बुडाची घ्यावीत. नव्या गावी गॅसची जोडणी मिळेपर्यंत ५ किलोचा लहान सिलिंडर सोयीचा पडतो. तो पत्त्याच्या पुराव्याविना, केवळ ओळखपत्र दाखवून अधिकृत वितरकाकडून घेता येतो.

मोजमापाची धास्ती बाळगू नये. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने वाटी-चमच्याचे प्रमाण मराठी घरांत रुजवले. तेच येथे पाळले आहे. वाटी म्हणजे सुमारे १५० मिलिलिटर पाणी मावेल अशी आमटीची वाटी. लहान चमचा म्हणजे चहाचा आणि मोठा म्हणजे जेवणाचा. वाटी थोडी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही; मात्र एका पदार्थाला आरंभापासून अखेरपर्यंत एकच वाटी वापरावी. प्रमाण महत्त्वाचे, परिमाण नव्हे. सर्व कृती दोन माणसांच्या बेताने दिल्या आहेत.

आता फोडणीविषयी. आपल्या बहुतेक पदार्थांचा आरंभ तिने होतो, म्हणून ती एकदाच नीट समजून घ्यावी. तेल चांगले तापल्यावर प्रथम मोहरी घालावी. ती तडतडली म्हणजे तेल योग्य तापले असे समजावे. मग जिरे, त्यानंतर हिंग, मिरची व कढीपत्ता आणि सर्वांत शेवटी, आच मंद करून हळद. हळद व लाल तिखट लगेच करपतात, म्हणून त्यांचा क्रमांक शेवटचा. मसाल्यांमधील सुगंधी द्रव्ये आणि हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात अधिक सहजपणे उतरतात. म्हणूनच तेच जिन्नस नुसत्या पाण्यात उकळले तर तो स्वाद येत नाही.

बाजारात गेल्यावर

परप्रांतात स्वयंपाक अडतो तो बरेचदा कृतीपाशी नव्हे, तर नावापाशी. दुकानात वस्तू समोरच्या फळीवर असते. पण तिचे तेथील नाव ठाऊक नसते. पोह्यांना बिहार व ओडिशात ‘चुडा’, बंगालमध्ये ‘चिंडे’, कर्नाटकात ‘अवलक्की’, तमिळनाडूत ‘अवल’ आणि तेलुगू प्रांतांत ‘अटुकुलु’ म्हणतात. रवा उत्तरेत आणि पूर्वेत ‘सूजी’ होतो. तूरडाळ हिंदी मुलुखात ‘अरहर’, ओडिशात ‘हरड’, कर्नाटकात ‘तोगरी बेळे’ आणि तेलुगूत ‘कंदि पप्पु’ असते. मूगडाळीला कन्नडमध्ये ‘हेसरू बेळे’, तेलुगूत ‘पेसर पप्पु’ आणि तमिळमध्ये ‘पासिप्परुप्पु’ म्हणावे. डाळीच्या पिठाला, म्हणजे बेसनाला, तमिळ नाव ‘कडलै मावु’, कन्नड ‘कडले हिट्टु’ आणि तेलुगू ‘शनगपिंडि’.

ही नावे खिशातील वहीत लिहून ठेवावीत. त्याचा आणखी एक लाभ आहे. ग्राहकाशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलण्याची सुरुवात काउंटरवर करण्यापेक्षा किराणा दुकानात करणे अधिक सोपे असते, आणि ती तेथे झाली की काउंटरवरही उपयोगी पडते.

आपला गोडा मसाला मात्र महाराष्ट्राबाहेर क्वचितच मिळतो. तो घरून आणावा अथवा धने-जिऱ्याची पूड आणि चिमूटभर गरम मसाला यांवर भागवावे.

न्याहारीचे तीन प्रकार

*कांदेपोहे.* जाडे पोहे २ वाट्या, कांदा १, हिरव्या मिरच्या २, शेंगदाणे २ मोठे चमचे, तेल २ मोठे चमचे, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मीठ, साखर अर्धा लहान चमचा, अर्धे लिंबू, कोथिंबीर आणि मिळाल्यास ओले खोबरे.

पोहे चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि पाणी निथळू द्यावे. ते पातेल्यात भिजत ठेवू नयेत. भात उकडून, भाजून आणि चेपून पोहे तयार होतात, म्हणजे ते आधीच अर्धेअधिक शिजलेले असतात. त्यांना केवळ ओलावा आणि वाफ हवी असते. सुमारे सात-आठ मिनिटांनी एक पोहा चिमटीत दाबून पाहावा. तो सहज मोडला तर पोहे तयार आहेत. कोरडे वाटल्यास पाण्याचा हबका मारावा. मीठ आणि साखर या पोह्यांवरच भुरभुरावी म्हणजे ती सर्वत्र सारखी लागते.

तेलात प्रथम शेंगदाणे तळून बाजूस काढावेत. त्याच तेलात फोडणी करून कांदा मऊ होईपर्यंत परतावा, मग पोहे व शेंगदाणे घालून हलक्या हाताने हलवावे. झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटे वाफ द्यावी. लिंबू आच बंद केल्यावरच पिळावे. पातळ पोहे चिवड्यासाठी असतात. ते येथे वापरल्यास लगदा होतो. इंदूरच्या बाजूला नेमणूक झाल्यास तेथील पद्धतीने वर बडीशेप आणि शेव घालून पाहावी.

*उपीट.* जाड रवा १ वाटी, पाणी अडीच वाट्या, कांदा १, हिरव्या मिरच्या २, किसलेले आले, तेल २ मोठे चमचे, मोहरी, उडदाची डाळ १ लहान चमचा, कढीपत्ता, मीठ, साखर चिमूटभर.

उपिटाचे सारे यश रवा भाजण्यात आहे. कोरडा रवा कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटे, सुगंध सुटेपर्यंत भाजावा. मात्र लाल करू नये. कच्च्या रव्यावर पाणी पडले की वरचा थर चिकट होऊन गुठळी बांधते आणि आतला भाग कोरडा राहतो. भाजलेल्या रव्याचे कण सुटे राहून पाणी सारखे शोषतात. फोडणीत उडदाची डाळ तांबूस करून कांदा परतावा, रवा घालावा आणि दुसरीकडे उकळत ठेवलेले पाणी, मीठ घालून, थोडे थोडे ओतत ढवळावे. झाकण ठेवून चार मिनिटे वाफ आणली की उपीट तयार होते. पाण्यातील अर्धी वाटी कमी करून तेवढे आंबट ताक घातल्यास चव वाढते.

रविवारी अर्धा किलो रवा एकदम भाजून, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत भरून ठेवावा. त्याला कीड लवकर लागत नाही आणि ऐन सकाळी दहा मिनिटे वाचतात.

*थालीपीठ.* परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाचा खरा आधार म्हणजे भाजणी. ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १ वाटी, हरभऱ्याची डाळ १ वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, गहू अर्धी वाटी, धने अर्धी वाटी आणि जिरे २ मोठे चमचे, हे तिचे एक सुटसुटीत प्रमाण. प्रत्येक धान्य वेगवेगळे भाजावे. दाण्यांचा आकार आणि ओलावा निराळा असल्याने एकत्र भाजल्यास एक करपते व दुसरे कच्चे राहते. गार झाल्यावर गिरणीतून दळून आणावे. घरून येताना दोन किलो भाजणी आणली, तर एकट्या माणसाला दोन-तीन महिने पुरते.

दीड वाटी भाजणीत बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, कोथिंबीर आणि लहान चमचाभर तेल घालून कोमट पाण्याने सैलसर भिजवावे व दहा मिनिटे झाकून ठेवावे. गार तव्यावर तेल लावून गोळा ओल्या हाताने थापावा, बोटाने चार-पाच भोके पाडून त्यांत थेंब थेंब तेल सोडावे. झाकण ठेवून मध्यम आचेवर पाच मिनिटे, मग उलटून झाकणाविना दोन मिनिटे. भोकांमुळे तेल व वाफ मध्यभागापर्यंत पोहोचते. दुसरे थालीपीठ लावण्यापूर्वी तवा थंड करावा अथवा ते ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटावे. भाजणी नसेल तर ज्वारीचे पीठ, कणीक आणि बेसन यांच्या मिश्रणाचेही थालीपीठ चांगले होते. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून ज्वारी, बाजरी आणि नाचणीची पिठे अनेक शहरांतील दुकानांतून दिसू लागली आहेत.

जेवणाचे तीन प्रकार

*मुगाच्या डाळीची खिचडी.* एकच पदार्थ शिकावयाचा असेल तर तो हा. तांदूळ १ वाटी, सालाची अथवा पिवळी मूगडाळ अर्धी वाटी, पाणी ४ वाट्या, तेल किंवा तूप १ मोठा चमचा, मोहरी, जिरे, हिंग, हळद, गोडा मसाला १ लहान चमचा, मीठ.

डाळ-तांदूळ धुऊन पंधरा मिनिटे निथळत ठेवावेत. कुकरमध्येच फोडणी करून ते परतावेत. आवडीनुसार मटार, गाजर, फ्लॉवर किंवा बटाट्याच्या फोडी घालाव्यात. गरम पाणी, मसाला व मीठ घालून झाकण लावावे. तीन शिट्ट्यांनंतर आच बंद करावी आणि वाफ आपोआप जिरल्यावरच झाकण उघडावे. आजाऱ्यासाठी अथवा थकून आलेल्या संध्याकाळी पाणी ५ वाट्या घेऊन आसट खिचडी करावी.

खिचडी हा पदार्थ साधा दिसतो, परंतु पोषणाच्या दृष्टीने तो हिशेबी आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन कमी असते, ते तांदूळ पुरवतो. एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातील शिलकेने भरून निघावी, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच भारताच्या बहुतेक प्रांतांत तिची भावंडे आढळतात. बंगालमध्ये मूगडाळ आधी कोरडी भाजून ‘खिचुडी’ करतात. तमिळनाडूत मिरे, जिरे आणि तूप घालून ‘वेण पोंगल’ करतात. स्थानिक सहकाऱ्याला त्याच्या घरची पद्धत विचारावी. या विषयावर कोणी कंजूषपणा करीत नाही.

कुकरचे महत्त्वही येथेच सांगावयास हवे. बंद कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते व डाळ लवकर शिजते. उंचावर याच्या उलट घडते. लेहसारख्या सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातील पाणी ९० अंशांच्याही आतच उकळू लागते आणि डाळ तासन्‌तास शिजत नाही. डोंगराळ भागात नेमणूक झाल्यास कुकर ही चैन नव्हे, गरज आहे.

नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत येणाऱ्या एका ज्येष्ठ ग्राहकांची या संदर्भात आठवण होते. पत्नीच्या निधनानंतर वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी खिचडी करावयास शिकून घेतले. अर्ज भरता भरता ते म्हणाले, “मुलगा पुण्याला ये म्हणतो. जाईनही. पण स्वतःचे करून खाता येते म्हणून जायचे की नाही हे मला ठरवता येते.” निवृत्तीच्या नियोजनात आपण ठेवी, विमा आणि वारसनोंदणी यांचा विचार करतो, या यादीत कुकर लावता येणे ही बाबही समाविष्ट असावी, असे तेव्हापासून वाटू लागले.

*कढी.* खिचडीची जोडीदारीण. आंबटसर दही १ वाटी, पाणी २ वाट्या, बेसन १ मोठा चमचा, आले-मिरचीचे वाटण १ लहान चमचा, साखर १ लहान चमचा, मीठ. फोडणीसाठी तूप, जिरे, हिंग, कढीपत्ता.

दही, बेसन आणि पाणी गुठळी न राहता घुसळावे. मध्यम आचेवर ठेवून पहिली उकळी फुटेपर्यंत सतत ढवळावे, मग आच मंद करून पाच-सहा मिनिटे शिजू द्यावे. नुसते ताक तापवले की त्यातील प्रथिने एकमेकांना चिकटून ताक फुटते. बेसनातील पिठूळ अंश या प्रथिनांच्या मध्ये येऊन त्यांना सुटे ठेवतो. सततचे ढवळणेही तेच काम करते. झाकण ठेवून जोराची उकळी आणू नये. तुपाची फोडणी वरून द्यावी.

*पिठले.* घरात भाजी नाही आणि बाहेर पाऊस आहे, अशा दिवसाचा पदार्थ. बेसन अर्धी वाटी, पाणी २ वाट्या, कांदा १, लसूण ४ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३, तेल २ मोठे चमचे, फोडणीचे साहित्य, मीठ, कोथिंबीर.

बेसनात आधी अगदी थोडे पाणी घालून दाट पेस्ट करावी, मग उरलेले पाणी मिसळावे. सगळे पाणी एकदम ओतल्यास गुठळ्या मोडत नाहीत. फोडणीत लसूण, मिरची आणि कांदा परतून आच मंद करावी. मिश्रण एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळावे. दाटसर झाल्यावर झाकण ठेवून पाच मिनिटे शिजवावे म्हणजे डाळीचा कच्चट वास जातो. पिठले निवल्यावर आणखी घट्ट होते, म्हणून किंचित पातळ असतानाच उतरवावे. सोबत गरम भात, अथवा जवळच्या खानावळीतून आणलेल्या दोन पोळ्या आणि कच्चा कांदा पुरे.

गोडाचे दोन प्रकार

*शिरा.* रवा १ वाटी, साजूक तूप अर्धी वाटी, साखर पाऊण वाटी, दूध व पाणी मिळून २ वाट्या, वेलदोड्याची पूड, थोडे बेदाणे व काजू.

तुपात रवा मंद आचेवर दहा-बारा मिनिटे गुलाबी होईपर्यंत भाजावा. दूध-पाणी उकळते असावे आणि ते बेताने ओतावे, कारण वाफ एकदम उसळते. झाकण ठेवून रवा पूर्ण फुलू द्यावा. साखर त्यानंतरच घालावी. साखर पाणी धरून ठेवते, ती आधी घातल्यास रव्याला पुरेसे पाणी मिळत नाही व तो कचकचीत राहतो. साखर विरघळल्यावर पुन्हा पाच मिनिटे वाफ आणावी. सत्यनारायणाच्या प्रसादासाठी रवा, तूप, साखर व दूध सव्वाच्या समप्रमाणात घेतात आणि केळे घालतात. एरवीच्या शिऱ्याला वरील प्रमाण प्रकृतीस अधिक मानवते.

*श्रीखंड.* यास शेगडीच लागत नाही. मलईदार गोडसर दही अर्धा किलो स्वच्छ पंचात बांधून चाळणीत ठेवावे, खाली भांडे ठेवून ते रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्यावे. उन्हाळ्यात बाहेर टांगल्यास दही आंबते. सकाळी सुमारे २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळतो. पूर्वी चक्क्याइतकीच साखर घेत. पाऊणपट घेतली तरी पुरते. साखर मिसळून तासभर ठेवावे, मग पुरणयंत्रातून अथवा बारीक चाळणीतून घासून काढावे. केशर दुधात खलून घालावे, वेलदोडा आणि किंचित जायफळ किसावे. साखरेला पाणी सुटून मिश्रण सैल होते, म्हणून चक्का मुळात कोरडा हवा. निथळलेले पाणी टाकून न देता त्यात कणीक भिजवावी अथवा ते कढीत वापरावे. बंगालमध्ये दही घेताना ‘टक दोई’ मागावे; ‘मिष्टी दोई’ आधीच गोड असते व तिचा चक्का होत नाही.

सुरक्षिततेची चार कलमे

पहिले कलम गॅसचे. रात्री झोपण्यापूर्वी व कुलूप लावण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. नळी प्रमाणित असावी व तिच्यावरील मुदत तपासावी. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये; खिडक्या-दारे उघडून बाहेर यावे व १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. नोंदणीकृत ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी अपघाताचा विमा उतरवलेला असतो. दुर्घटना घडल्यास वितरकास तत्काळ लेखी कळवणे त्यासाठी आवश्यक असते.

दुसरे कुकरचे. तो दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये; डाळ-तांदळासाठी निम्माच भरावा. शिट्टीचे छिद्र दर वेळी उजेडासमोर धरून पाहावे.

तिसरे उरलेल्या भाताचे. तांदळात असणाऱ्या ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूची बीजाणू-अवस्था शिजवल्यावरही टिकते. भात तासन्‌तास उबदार जागी राहिला तर ती वाढीस लागून विष निर्माण करते, आणि ते विष पुन्हा तापवल्याने खात्रीने नष्ट होत नाही. भात किंवा खिचडी उरल्यास पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वाफाळेपर्यंत तापवून संपवावी. फ्रीज नसेल तर मोजकेच शिजवावे.

चौथे साठ्याचे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘प्रथम आला तो प्रथम गेला’ ही मालसाठ्याची पद्धत ठाऊक असते. डाळ-पिठांच्या बरण्यांनाही ती लागू आहे. नवे पीठ जुन्यावर ओतू नये; बरणी रिकामी करून, पुसून मगच भरावी. दमट हवेच्या गावी बेसन आणि रवा अर्धा किलोपेक्षा जास्त आणू नये.

आठवड्याचा आराखडा

हे सारे रोज करावयाचे म्हटले तर उत्साह आठवड्यातच ओसरतो. म्हणून रविवारी सकाळी एक तास बाजूला काढावा. रवा भाजून ठेवावा, शेंगदाणे भाजून निम्म्याचे कूट करावे, आले-मिरचीचे वाटण करून फ्रीजमध्ये ठेवावे, कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळावी. त्यानंतर सकाळी पोहे, उपीट व थालीपीठ यांची पाळी लावावी. रात्री एक दिवस खिचडी-कढी, एक दिवस पिठले-भात, उरलेल्या दिवशी डबा. काकडी, टोमॅटो किंवा त्या गावात मिळणारे एखादे फळ ताटात असावेच, कारण वरील पदार्थांत पालेभाजी व कच्च्या भाजीचे प्रमाण कमी आहे. पहिल्या महिन्यात आठवड्यातील तीन जेवणे घरची झाली तरी आरंभ चांगला झाला असे समजावे. किराण्याचा आणि बाहेरच्या जेवणाचा खर्च एका वहीत समोरासमोर लिहावा. महिनाअखेरीस दोन्ही बाजूंची बेरीज पाहिली की पुढील महिन्यासाठी वेगळे प्रोत्साहन लागत नाही.

स्वयंपाक हे स्त्रियांचे काम, ही समजूत घराबाहेर पडलेल्या कोणत्याही पुरुषाला फार काळ परवडत नाही, आणि नोकरीनिमित्त एकट्या राहणाऱ्या आपल्या महिला अधिकाऱ्यांनाही दिवसभराच्या कामानंतर अर्ध्या तासात होणारा पदार्थच हवा असतो. सुट्टीत मुले भेटीस आली की त्यांना हॉटेलात नेण्यापूर्वी एकदा स्वतः केलेले पोहे अवश्य खाऊ घालावेत. घरापासून दूर आई किंवा वडील नीट राहत आहेत, ही गोष्ट दूरध्वनीवर कितीही वेळा सांगितली तरी मुलांना ती अशा एका बशीतून अधिक खात्रीने कळते.

देशाच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना आणि तेथील ग्राहकांना असे अनेक सोपे पदार्थ ठाऊक असतील. ओडिशातील दही-चुडा किंवा कर्नाटकातील ताकात भिजवलेली अवलक्की यांना तर शेगडीही लागत नाही. आपल्या शाखेच्या गावचा असा एखादा पदार्थ, त्याच्या प्रमाणासह आणि स्थानिक नावासह, संपादकांकडे अवश्य पाठवावा. पुढच्या बदलीच्या यादीत त्या गावी जाणाऱ्या कोणाला तरी तो निश्चितच उपयोगी पडेल.